मातीतले बारीक जीव: कोल्हापूरकर आम्हाला वारंवार विचारतात ते प्रश्न

पाचोळा चाळून त्यातले जीव दाखवायला मी शाळांत, कॉलेजात, शेतकरी गटांत जात असतो आणि घरी पोचेपर्यंत फोनवर प्रश्न येऊन पडलेले असतात. तेच तेच प्रश्न येतात पण सगळे खरे गरजेचे असतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढलेत. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे नंबर दिलाय तो बघा.

१. मातीतले सूक्ष्म संधिपाद म्हणजे नक्की कोण? साधे किडेच ना?

संधिपाद म्हणजे सांधे असलेले पाय आणि अंगावर टणक कवच असलेले जीव. खेकडा, विंचू, गोम, मुंगी सगळे त्यातच. त्यातले जे साधारण ०.१ ते २ मिलिमीटरमध्ये बसतात आणि जन्मापासून मरेपर्यंत माती, पाचोळा, शेवाळ ह्यातच राहतात, त्यांच्याबद्दल हे पान आहे. मुख्य दोन गट: स्प्रिंगटेल (शास्त्रात कोलेम्बोला) आणि मातीतले कोळी म्हणजे माइट. जाळं विणणारा कोळी वेगळा, आणि शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात तो माइटच, पण पानावरचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा कारण पुढची अर्धी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. गांडूळ माती उकरतं, वाळवी उकरते, हुमणी उकरते, पण ह्या बारक्यांना उकरता येत नाही. मातीच्या कणांमध्ये ज्या आयत्या पोकळ्या असतात त्यातच त्यांना राहावं लागतं. पोकळी मिटली की घर गेलं.

२. सर, कुंडीला पाणी घातलं की पांढरं बारीक काहीतरी उड्या मारतंय, झाड जाणार काय?

न्हाई जाणार. ते स्प्रिंगटेल आहेत. पोटाखाली दुमडलेला एक काटा असतो, तो एका खुंटीत अडकवलेला असतो, धोका वाटला की खुंटी सुटते आणि काटा जमिनीवर आपटून हा जीव स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट उंच उडतो. चावत नाहीत, डोक्यात शिरत नाहीत, पिसवा तर अजिबात नव्हेत. ते बुरशी आणि कुजलेला पाला खातात. फार दिसायला लागले तर एवढंच समजायचं की कुंडी सारखी ओली राहतेय, वरची बोटभर माती वाळू द्या आणि मग पाणी घाला, आपोआप कमी होतात. औषध मारायची काही गरज नाही.

गांडूळखताच्या बेडमध्ये दिसतात तेही हेच, तिथे ते मदतच करतात.

३. मृगाचा किडा पण ह्यांच्यातलाच काय?

होय! पहिला पाऊस झाला की लाल मखमलीचा तुकडा चालल्यासारखा दिसणारा मृगाचा किडा हा माइटच आहे. जुन्या कवींचा इंद्रगोप तो हाच. पाय मोजा, आठ भरतील. माइटच्या जगात तो राक्षस आहे, सेंटीमीटरभर मोठा होतो, बाकीचे त्याच्यापुढे धुळीचे कण. त्याची पिल्लं दुसऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितात आणि मोठा झाल्यावर हा मातीत शिकार करून जगतो. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीतच असतो, आपल्याला फक्त ते चार दिवस दिसतो. आमच्याकडे लहान पोरं त्याला तळहातावर घेऊन बघतात, बघू द्या, फक्त परत त्याच जागी सोडायला सांगा.

४. एकूण प्रकार तरी किती आहेत? यादी मिळेल का?

पूर्ण यादी कुणाकडेच नाही, नावं दिलेल्यांचाच हिशोब सांगता येतो. स्प्रिंगटेलच्या जगभरात ९,००० च्या वर प्रजातींना नाव आहे. ओरिबॅटिड नावाचे कवचवाले माइट, जे पाचोळा अक्षरशः चावून खातात, त्यांच्या १०,००० च्या वर. ह्या ओरिबॅटिडमधले काही तर धोका दिसला की पाय आत घेऊन अंगाची पेटी बंद करतात, मायक्रोस्कोपखाली बघताना मला अजूनही तेवढंच नवल वाटतं. ह्यांच्याशिवाय शिकारी माइट वेगळे, ते स्प्रिंगटेल आणि सूत्रकृमी (मातीतले धाग्यासारखे बारीक जंत) खातात.

मग ज्यांची फारशी माहिती कुणाला नसते ते. डिप्ल्युरा, शेपटाला दोन लांब तंतू किंवा काहींना चिमटा, साधारण हजार प्रजाती. पॉरोपोडा, मिलिमीटरभराचे, मिशांना फाटे फुटलेले. सिंफायला, पांढऱ्या बाळ-गोमेसारखे, बारा जोड्या पाय, प्रजाती जेमतेम दोनशे. छद्मविंचू, शेपटीची नांगी नसलेला पण पुढे विंचवासारखे चिमटे धरलेला, हा पाचोळ्यात पहिल्यांदा सापडला की पोरं ओरडतातच. आणि माझा सगळ्यात आवडता, प्रोट्युरा. ह्याला डोळे नाहीत आणि मिशाही नाहीत, म्हणून पुढचे दोन पाय वर धरून तो मिशांसारखे वापरतो आणि चारच पायांवर चालतो. जन्मतो तेव्हा पोटाचे नऊ खंड असतात, कात टाकत टाकत बारा होतात. हा जीव शास्त्राला पहिल्यांदा १९०७ मध्ये कळला, इटलीत, फिलिप्पो सिल्व्हेस्ट्री ह्यांच्यामुळे. म्हणजे वाघ, हत्ती, व्हेल सगळ्यांची वर्णनं होऊन दीडशे वर्षं गेली तरी पायाखालचा एक अख्खा गट कुणाला माहीत नव्हता.

भारतातल्या स्प्रिंगटेलवर पद्धतशीर लिखाण ए. डी. इम्स ह्यांनी १९१२ मध्ये केलं आणि त्यानंतर बरंचसं काम कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतून झालं, तिचं एक केंद्र आपल्या जवळ पुण्यालाही आहे.

५. एका चौरस फुटात किती असतील आणि ते करतात काय?

जागेवर फार अवलंबून आहे. आपल्यासारख्या उष्ण भागातल्या जंगलात स्प्रिंगटेल चौरस मीटरला पाच-सहा हजारांच्या घरात धरतात, म्हणजे फुटात पाचशेच्या आसपास, माइट बहुतेक वेळा त्याहून जास्त. पूर्ण पृथ्वीचा २०२३ मध्ये केलेला अंदाज आहे की मातीतले संधिपाद एकावर १९ शून्यं एवढे आहेत आणि त्यातले सुमारे ९५ टक्के फक्त माइट आणि स्प्रिंगटेल.

करतात काय? पान थेट मातीत मिसळत नाही. बुरशी आणि जिवाणू त्याला कुजवतात, आणि हे बारके त्या बुरशीला चरतात, पानाचे तुकडे करतात, विष्ठेतून बारीक खत टाकतात, बुरशीचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे नेतात. रानात गवत चरणारी जनावरं असतात तसं मातीत बुरशी चरणारे हे. चरणं योग्य राहिलं की बुरशी ताजी राहते आणि नत्र, स्फुरद मुळांपर्यंत सुटत राहतो.

६. जगात सगळ्यात जास्त कुठे सापडतात? आपल्या सह्याद्रीतच असणार ना, एवढं जंगल आहे?

सगळ्यांना हेच वाटतं, मलाही वाटायचं. पण संख्येत जिंकतो तो टुंड्रा, म्हणजे ध्रुवाजवळचा झाडं नसलेला गारठलेला प्रदेश. तिथे स्प्रिंगटेल चौरस मीटरला लाखाच्या पुढे जातात. कारण थंडीत कुजणं हळू होतं, जमिनीवर अन्नाचा जाड थर साचून राहतो, आणि थंडीत प्रत्येक जीव खातोही कमी, त्यामुळे तेवढ्याच जेवणात जास्त तोंडं भागतात. आपल्याकडे ऊन आणि ओल मिळून पाचोळा पटकन संपतो, प्रत्येकाचा खर्च जास्त, वर मुंग्या टपलेल्या. म्हणून डोकी कमी पण प्रत्येक डोकं जास्त काम करतं, एकूण हिशोब केला तर दोन्हीकडची उलाढाल जवळजवळ सारखी निघते.

संख्या आणि प्रकार ह्या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टुंड्रात लाखभर जीव मिळून मोजक्याच प्रजातींचे असू शकतात.

आणि कुठपर्यंत पोचलेत? अंटार्क्टिकात क्रिप्टोपायगस नावाचा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा स्प्रिंगटेल शून्याखाली वीसेक अंशांतही अंगातलं पाणी गोठू न देता टिकतो. दुसऱ्या टोकाला कॉकेशस पर्वतातल्या क्रुबेरा गुहेत जमिनीखाली १,९८० मीटरवर एक डोळे नसलेला स्प्रिंगटेल मिळाला, २०१२ मध्ये त्याला नाव दिलं. वाळवंट, समुद्रकिनारा, झाडाच्या शेंड्यावरचं शेवाळ, कुठेही बघा.

७. पंख नाहीत, पाय एवढुसे, मग जगभर पसरले कसे?

तीन-चार वाटांनी. पहिली म्हणजे वेळ. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी गावाच्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा स्प्रिंगटेल जसाच्या तसा अडकलेला आहे, तेव्हा आजचे खंडच नव्हते. जमीन फुटली आणि हे आपापल्या तुकड्यावर बसून गेले, आपला भारतही त्यातलाच एक तुकडा. दुसरी वाट वारा, हलके असल्यामुळे धुळीबरोबर उडतात. तिसरी पाणी, तिच्याबद्दल प्रश्न १० मध्ये. चौथी आपण स्वतः. नर्सरीतून रोप आणतो तेव्हा पिशवीतल्या मातीबरोबर शेकडो जीव आणतो, जगभर सगळीकडे सापडणाऱ्या बऱ्याच प्रजाती अशाच कुंड्यांमधून फिरल्यात.

पण स्वतःच्या पायाने मात्र ते फार जात नाहीत. म्हणून जमीन एकदा पूर्ण खरवडली गेली, तर हलके आणि भराभर पिल्लं देणारे स्प्रिंगटेल लवकर येतात आणि सावकाश वाढणारे ओरिबॅटिड यायला दशकंही लागू शकतात.

८. गगनबावड्यात आणि शिरोळात एकच जीव मिळतील का? अंतर तर काहीच नाही.

हा प्रश्न आला की मी खूश होतो कारण ह्यासाठी कोल्हापूरसारखा जिल्हा नाही. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शिरोळात पाचशे-सहाशेच्या आसपास, आणि दोन्हींमध्ये शंभर किलोमीटरही नाहीत. एका दिवसात एसटीने दोन्हीकडचा पाचोळा गोळा होतो. पावसाबरोबर मातीही बदलते, पश्चिमेला जांभा, मध्ये तांबूस-तपकिरी मध्यम जमीन, पूर्वेला खोल काळी.

पश्चिमेकडून सुरू करतो. दाजीपूर, राधानगरी, आंबा घाट, आजऱ्याच्या देवराया इथे झाडाखाली हात घातला की वर कोरडं पान, खाली ओलं काळं पान, त्याखाली पानाची जाळी आणि मग भुसभुशीत माती असे थर लागतात. प्रत्येक थराचे रहिवासी वेगळे. वरच्या पानावर मोठे, रंगीत, लांब मिशांचे, जोरात उडणारे स्प्रिंगटेल. खालच्या मातीत जावं तसे ते पांढरे, बुटके, आंधळे होत जातात आणि उडायचा काटाही जातो, कारण अरुंद पोकळीत उडून जायचं कुठे. अशांपैकी काहींच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, शिकारी आला की तिथून कडवट द्रव सोडतात. जमिनीत सहा इंच खाली जाणं म्हणजे दुसऱ्या गावाला जाण्यासारखं आहे. कवचवाले ओरिबॅटिड अशाच जुन्या, न हलवलेल्या पाचोळ्यात भरपूर.

मध्ये करवीर, पन्हाळा, कागल भागात ऊस आणि बांध. इथे मला नेहमी शेतापेक्षा बांधावर जास्त मिळतं, कारण बांध नांगरला जात नाही. ट्रॅक्टरचं चाक ज्या सरीतून रोज जातं तिथली आणि शेजारच्या वरंब्यावरची माती वेगवेगळी बघा, काय म्हणतोय ते लगेच कळेल, दाबलेल्या मातीत पोकळ्याच उरत नाहीत.

पूर्वेला शिरोळ, हातकणंगले. काळी जमीन ओली झाली की फुगून पोकळ्या बंद करते, वाळली की भेगा पाडते, त्या भेगा मात्र ह्यांच्यासाठी खाली जायच्या वाटा होतात. नदीकाठच्या जादा पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनीत क्षार आणि हवा नसणं दोन्ही एकदम, तिथे थोडेच प्रकार टिकतात. निचऱ्याची पाईप टाकून जमीन सुधारतेय असे शेतकरी मित्र भेटले की मी पहिलं म्हणतो, दर वर्षी एक मूठ माती बघत जा. मातीत कोण कोण परत येतंय हे बघण्यासारखं दुसरं काही नाही.

वाफसा आल्यावरची माती सगळ्यात चांगली बघायला, ओल आणि हवा दोन्ही बरोबर असतात, आणि ह्या जिवांना नेमकं तेच लागतं.

९. मसाई पठारावर उन्हाळ्यात नुसता तापलेला दगड असतो, तिथे काय जगणार?

जगतात. जांभ्याच्या खळग्यात, शेवाळाखाली, गवताच्या मुळाशी बोटभर माती साचलेली असते ती पावसात चार महिने चिंब आणि मे महिन्यात भाजलेली. इथे दोन-तीन युक्त्या चालतात. काही फटीतून खाली जातात. काहींची अंडीच उन्हाळा काढतात. आणि फोल्सोमायडीस नावाचे बारीक स्प्रिंगटेल तर अंगातलं पाणीच सोडून सुरकुतून पडून राहतात, मेल्यासारखे, आणि ओल मिळाली की परत चालायला लागतात. वळवाचा पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन पठारावर जा, खरंच जा.

ह्यामुळेच पठारं म्हणजे पडीक जागा हे डोक्यातून काढून टाका. शाहूवाडी, राधानगरीकडे बॉक्साईटसाठी जांभा काढला गेलाय, वरचा थर गेला की ही बोटभर माती जाते, आणि परत यायला किती वेळ लागतो ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१०. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सगळे मेले असतील ना?

सगळे नाहीत. स्प्रिंगटेलची कातडी पाण्याला चिकटूच देत नाही, तिच्यावर अतिशय बारीक उंचवट्यांची जाळी असते, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतात किंवा अंगाभोवती हवेचा पापुद्रा घेऊन बुडतात. पुराच्या पाण्याच्या कडेला राखाडी पावडरीसारखी साय दिसते ना, ती बरेचदा हजारो स्प्रिंगटेलची असते, एकदा बोट लावून बघा, साय उड्या मारेल. म्हणजे पंचगंगेचा पूर काहींना मारतो आणि काहींना वरच्या गावातून खालच्या गावात नेऊन सोडतो. खरं नुकसान पाणी आठ-दहा दिवस तुंबलं की होतं, मातीतली हवा संपते, आणि वर जो गाळ बसतो तो वाळून पोकळ्या बुजवतो. त्या गाळावर शेणखत किंवा पाचट पडलं तर वस्ती लवकर परत बसते.

११. पाचट जाळलं तर जमिनीतले जीव मरतात का? आग तर वरच लागते.

आग वर लागते आणि हेही वरच राहतात, बहुतेक जण वरच्या दोन-चार इंचात. खाली असलेले वाचतात हे खरं आहे. पण घर आणि जेवण दोन्ही वरचं होतं, ते जळालं, सावली गेली, आता उघडी माती तापते आणि वाचलेलेही हळूहळू जातात. म्हणून जाळल्यानंतर आठवड्यात बघितलं आणि काही दिसले म्हणून काही फरक पडत नाही असं समजू नका, दोन-तीन महिन्यांनी परत बघा. खोडव्यात पाचट सरीत ठेवून त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं कल्चर टाकायची पद्धत आता बरेच जण करतात, त्या पाचटाखाली पावसाळ्यात एक ओंजळ उचला आणि पांढऱ्या कागदावर झटका. मी सांगण्यापेक्षा तो कागद जास्त सांगेल. शेजारच्या जाळलेल्या रानातली ओंजळ पण तशीच झटकून बघा.

१२. हुमणीला औषध तर टाकावंच लागतंय, मग ह्यांचं काय?

हुमणीने ऊस वाळताना बघितलाय, त्यामुळे टाकूच नका असं मी म्हणणार नाही. पण जमिनीत टाकलेलं कीटकनाशक हुमणी आणि स्प्रिंगटेल ओळखत नाही. कधी उलटंही होतं. डीडीटीच्या काळातल्या प्रयोगांत दिसलं की औषधाने शिकारी माइट मेले, स्प्रिंगटेल त्या औषधाला टिकले, आणि खाणारंच कुणी न राहिल्याने त्यांची संख्या वाढली. म्हणून नुसती संख्या वाढली म्हणजे माती सुधारली असं नसतं, कोण वाढलं ते बघावं लागतं. वळीव पडल्यावर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा करून मारणं, प्रकाश सापळा लावणं हे अख्ख्या गावाने मिळून केलं तर जमिनीत टाकायचं औषध कमी लागतं. मात्रा कृषी सहाय्यकांना विचारूनच.

१३. म्हणजे सगळेच शेतकऱ्याचे मित्र का?

नाही, आणि हे लपवून ठेवायचं कारण नाही. सिंफायला कोवळी मुळं कुरतडतात, अननस आणि ऊस दोन्हीत त्यांचा त्रास नोंदलेला आहे. ऑस्ट्रेलियात एक हिरवट गोल स्प्रिंगटेल लसूणघासाचा मोठा शत्रू आहे, तो बाहेरून तिथे गेलेला. अळिंबीच्या शेडमध्ये स्प्रिंगटेल नुकसान करतात कारण तुमचं पीक हेच त्यांचं जेवण, बुरशी. एवढे अपवाद सोडले तर बाकीच्या हजारोंना उभ्या पिकाशी देणंघेणं नाही. मुळाशी पांढरं काही दिसलं तर आधी पाय मोजा, सिंफायलाचे किती ते प्रश्न ४ मध्ये आहे.

१४. सहा पाय आहेत तर स्प्रिंगटेल कीटकच झाला की? परीक्षेत काय लिहू?

परीक्षेत लिहा: षट्पाद आहे, पण खऱ्या अर्थाने कीटक नाही. कीटकांची तोंडाची अवयवं बाहेर असतात, स्प्रिंगटेल, प्रोट्युरा आणि डिप्ल्युरा ह्यांची डोक्याच्या आत खोबणीत असतात. शिवाय स्प्रिंगटेलच्या पोटाचे सहाच खंड असतात, पोटाखाली पाणी शोषायची एक नळी असते, आणि मोठा झाल्यावरही तो कात टाकत राहतो. माइट तर कीटक नाहीच, तो विंचू-कोळ्यांच्या बाजूचा, मोठेपणी आठ पाय. इथे एक फसायची जागा: माइटचं पिल्लू जन्मतं तेव्हा सहाच पाय असतात. तेव्हा मिशा बघा, माइटला मिशा कधीच नसतात.

१५. घरी बघायचं कसं? आमच्याकडे मायक्रोस्कोप नाही.

दोन लिटरची पाण्याची बाटली मधून कापा. वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा, झालं नरसाळं. गळ्याजवळ जाळी लावा, कांद्याच्या पिशवीची चालते. जाळीवर दोन ओंजळी ओला पाचोळा सैल ठेवा, दाबू नका. खालच्या भागात बोटभर स्पिरिट. वर हातभर अंतरावर जुना पिवळा बल्ब, २५ किंवा ४० वॅटचा. एलईडी नको, तो तापत नाही, आणि इथे कामच उष्णतेचं आहे: वरून वाळत येतं तसे जीव ओल शोधत खाली सरकतात आणि टुपकन पडतात. तीन ते सात दिवस ठेवा. स्पिरिट पेटतं म्हणून बल्ब जवळ आणू नका आणि लहान मुलांना एकटं सोडू नका. बल्ब नसेल तर नुसतं कोरड्या खोलीत आठवडाभर ठेवलं तरी बरेच उतरतात.

ही युक्ती इटलीच्या अंतोनियो बर्लेझे ह्यांची, १९०५ ची, ते गरम पाण्याने तापवायचे, नंतर स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन ह्यांनी बल्ब लावला. शंभर वर्षं झाली, जगभरच्या प्रयोगशाळांत अजून हेच चालतं.

जिवंत बघायचे असतील तर स्पिरिटऐवजी ओला टिश्यू पेपर ठेवा. बघायला मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स पुरते.

१६. फोटो पाठवतो, नाव सांगाल का?

गट सांगता येतो, प्रजाती बहुतेक वेळा नाही. प्रजाती ठरते अंगावरच्या केसांच्या मांडणीवरून, नखाच्या दातांवरून, डोळ्यांच्या ठिपक्यांच्या संख्येवरून (स्प्रिंगटेलच्या एका बाजूला जास्तीत जास्त आठ ठिपके), आणि त्यासाठी जीव पारदर्शक करून काचपट्टीवर चढवावा लागतो. तेवढं करूनही आता डीएनए तपासल्यावर एक समजलेली प्रजाती चार निघते असं होतंय. त्यामुळे मी अर्धवट नाव सांगितलं तर रागावू नका.

१७. दाजीपूरच्या जंगलातली मूठभर माती आणली तर चालते का? मूठभरच तर आहे.

नाही. दाजीपूर ज्यात येतं त्या राधानगरी अभयारण्यातून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही उचलायचं नाही, प्रोजेक्टसाठी असेल तर कॉलेजमार्फत अर्ज करा. देवराईत गावातल्या जाणत्यांना आणि पुजाऱ्यांना विचारा, कित्येक ठिकाणी पडलेली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा रिवाज आहे आणि तिथला पाचोळा इतका श्रीमंत आहे तो त्याच रिवाजामुळे. तिथे बसून भिंगाने बघा की. घरी आणायला आपलं परसदार आणि बांध आहेतच.

१८. एकाच आंब्याखालून दोन ओंजळी घेतल्या, एकीत शंभर निघाले आणि दुसरीत तीन. माझं काही चुकलं का?

काही चुकलं नाही. हे जीव झुंडीने राहतात. मेलेली अळी, बुरशीचा डाग, ओलसर कोपरा असेल तिथे गर्दी, हातभर बाजूला शुकशुकाट. स्प्रिंगटेल एकमेकांना गंधाने बोलावतातही. म्हणून एका जागेची तुलना दुसऱ्या जागेशी करायची असेल तर प्रत्येक जागी निदान आठ-दहा ठिकाणची माती, सारख्या मापाच्या डब्याने, सारख्या खोलीवरून आणि एकाच आठवड्यात घ्या. एकीकडे जुलैत आणि दुसरीकडे मार्चमध्ये घेऊन इथे जास्त तिथे कमी असं लिहिलेले प्रोजेक्ट मी बघितलेत, मुलांनी मेहनत केलेली असते आणि मग वाईट वाटतं.

१९. एखादी प्रजाती फक्त आपल्याकडेच सापडते असं कधी म्हणता येतं?

सगळ्यात अवघड प्रश्न. ह्या जिवांच्या नकाशावर ठिपके कुठे दिसतात? बहुतेक वेळा जिथे अभ्यास करणारे होते तिथे, विद्यापीठांच्या आसपास आणि रस्त्यालगत. आंबा घाटात एक प्रजाती मिळाली आणि तिल्लारीत, आंबोलीत, चोर्ल्यात कुणी चाळणच लावली नसेल, तर ती फक्त आंबा घाटातली कशावरून? दुसरीकडे, ज्या प्रजाती जगभर सगळीकडे म्हणून लिहिल्या गेल्या त्यातल्या काही एकसारख्या दिसणाऱ्या वेगवेगळ्या निघाल्या (प्रश्न १६), म्हणजे आपली वेगळी असूनही युरोपातल्या नावाखाली दबलेली असू शकते. दोन्हीकडून चूक होते. तोपर्यंत "आत्तापर्यंत इथून नोंद आहे" एवढंच लिहावं.

त्यातही गुहा, पठारावरचे खळगे, एकट्या पडलेल्या देवराया ही बेटं आहेत, तिथे खरोखर वेगळं असण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथली प्रत्येक नोंद मोलाची. तुमच्याकडे नमुना असेल तर गाव, तालुका, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुठल्या झाडाखाली आणि किती खोलीवर एवढं एका चिठ्ठीवर लिहा. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, आणि चिठ्ठी बाटलीला बाहेरून चिकटवू नका, आत टाका.